माल्टात उन्हाळी अभ्यासक्रमाला जाताय? वर्ग सुटल्यावर बेट असं पाहा

भूमध्य समुद्रातला माल्टा हा देश आकाराने बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा आहे. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. त्यामुळे तिथे शिकायला आलेली मुलं पहिल्याच शनिवार-रविवारी 'सगळं उरकून टाकू' म्हणून निघतात. चार-सहा ठिकाणी फोटो काढतात, उन्हाने भाजून परततात, आणि पुढचे तीन आठवडे वसतिगृह, वर्ग आणि जवळचं कॅफे एवढ्यातच जातात. मीही पहिल्या आठवड्यात असंच केलं. भर दुपारी एक वाजता डिंगलीच्या कड्यांवर चालायला गेले. समुद्रापासून सुमारे अडीचशे मीटर उंचीचे हे कडे देखणे आहेत, पण सावलीला झाड म्हणून नाही. त्या एका दुपारीपायी दोन दिवस डोकेदुखीने अंथरुणात पडले आणि वर्ग बुडाले ते वेगळेच.

चार-सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्यांनी बेट सूर्याच्या वेळापत्रकाने पाहावं आणि एका दिवशी एकच भाग धरावा, हे मी तेव्हा शिकले. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

निघण्याआधी

माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अभ्यासक्रम ९० दिवसांच्या आतला असेल तर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा पुरतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत किमान तीन महिने शिल्लक हवी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर भरतात, म्हणून जुलैत जायचं असेल तर मार्चमध्येच कागदपत्रांना लागा. अभ्यासक्रमाचं प्रवेशपत्र आणि राहण्याच्या जागेचा कागद हे दोन्ही हातात आल्याशिवाय विमानाचं परत न करता येणारं तिकीट काढू नका.

सामानात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अ‍ॅडॅप्टर असू द्या. १९६४ पर्यंत इथे ब्रिटिशांचं राज्य होतं. भिंतीतले प्लग त्यांचेच राहिले आणि गाड्याही आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. त्यामुळे रस्ता ओलांडताना आपली जुनी सवय चालते, युरोपात हे सुख फार कमी ठिकाणी मिळतं. छत्री-रेनकोट घरीच ठेवा. आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतात तेव्हा तिथे महिना महिना थेंब पडत नाही. त्याऐवजी सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद कडांची टोपी, एक पातळ ओढणी किंवा पंचा, आणि खडकावर चालतील असे रबरी बूट घ्या. ओढणी कशाला आणि बूट कशाला ते पुढे येईलच.

राहायला बहुतेकांना स्लीमा, गझीरा, इमसीदा किंवा सेंट जुलियन्स या एकमेकांना चिकटलेल्या गावांत जागा मिळते. सेंट जुलियन्समधला पाचेव्हिल हा भाग रात्रभर गाजत असतो, अभ्यास करायचा असेल तर तिथे खोली घेऊ नका. विद्यापीठ इमसीदाला आहे. त्याची मुळं १५९२ साली स्थापन झालेल्या जेझुइट महाविद्यालयात आहेत. शेजारीच मातेर देई हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, ते कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. खोली ठरवताना एसीचे पैसे भाड्यात धरले आहेत का, हे स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी ते वेगळे घेतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान ३१-३२ अंशांच्या घरात, कधी कधी ४० च्याही जवळ जातं.

पहिला दिवस: पाट्या वाचायला शिका

माल्टी भाषा अरबीच्या घराण्यातली, पण लिहिली जाते रोमन लिपीत. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमधली ही एकमेव सेमिटिक भाषा. इंग्रजी सगळ्यांना येते, त्यामुळे अडत काहीच नाही. पण गावांची नावं इंग्रजीसारखी वाचली तर बसचालकाला कळत नाही आणि आपल्याला उतरायचं ठिकाण ओळखू येत नाही.

नियम सोपे आहेत. एक्स दिसला की 'श' म्हणा. म्हणून ते मासेमारीचं प्रसिद्ध गाव मार्साश्लॉक. जे दिसला की 'य'. जी वर टिंब असेल तर 'ज', सी वर टिंब असेल तर 'च', म्हणून बोटीचा धक्का चिरकेव्वा. आडवी रेघ मारलेला एच म्हणजे खणखणीत 'ह'. जी आणि रेघवाला एच जोडून आले की उच्चार जवळजवळ नाहीच, मागचा-पुढचा स्वर तेवढा लांबतो. क्यू म्हणजे घशात क्षणभर अडकवलेला श्वास, त्यामुळे ते प्राचीन मंदिर 'हाजार ईम' असं ऐकू येतं.

मराठी माणसाला या भाषेत ओळखीचे चेहरे भेटतात, कारण अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेले शब्द तिथे वेगळ्या वाटेने पोचले. जगाला ते 'दिन्या' म्हणतात, आपली दुनिया. पुस्तकाला 'क्तीब', आपल्याकडे किताब. सोबत्याला, मित्राला 'सीएहेब', आपला साहेब. नावाला 'इसेम', आणि आपल्या पोलीस पंचनाम्यात 'सदर इसम' आजही हजर असतो. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा आमच्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले आणि तासभर आम्ही शब्दच जुळवत बसलो. 'ग्रात्सी' म्हणजे आभार, 'बॉन्जू' म्हणजे सुप्रभात. हे दोन मात्र इटालियन-फ्रेंचच्या वळणाचे. एवढे दोन बोललात तरी दुकानदाराचा चेहरा खुलतो.

बस आणि बोट

बेटावर रेल्वे नाही. बसचं मोठं केंद्र म्हणजे राजधानी व्हॅलेटाच्या वेशीबाहेरचं ट्रायटन कारंजं, जवळपास सगळ्या दिशांना तिथूनच गाड्या सुटतात. उन्हाळ्यात एका प्रवासाचं तिकीट अडीच युरोंचं, आणि दोन तासांच्या आत त्यावर बस बदलता येते. महिनाभर राहणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच प्रवास कार्डाची चौकशी करावी, रोजच्या सुट्या तिकिटांपेक्षा ते परवडतं. थांब्यावर नुसतं उभं राहून चालत नाही. बस दिसली की हात पुढे करायचा, नाहीतर ती निघून जाते. आणि गच्च भरलेली बस हात करूनही थांबत नाही. म्हणून समुद्रकिनाऱ्याच्या मार्गावरची बस मधल्या थांब्यावर धरण्यापेक्षा जिथून ती सुटते तिथे जाऊन धरा.

स्लीमाहून व्हॅलेटाला मात्र बसने जाऊच नका. खाडीतून छोटी बोट आहे, दहा मिनिटांत पोचवते. वारा लागतो आणि समोर शहराची तटबंदी हळूहळू मोठी होत येते. मला तर वर्गाचा सगळा शीण त्या दहा मिनिटांत उतरल्यासारखा वाटायचा.

पहिली संध्याकाळ: व्हॅलेटा आणि पलीकडचं बिर्गू

वर्ग साधारण दुपारी एकपर्यंत सुटतात. जेवून खोलीत पडदे ओढून झोपा किंवा अभ्यास करा. इथले लोकही तेच करतात, लहान गावांत दुकानं दुपारी बंद असतात. तीनच्या सुमारास निघा. जुलैत सूर्य रात्री सव्वाआठच्या आसपास मावळतो, म्हणजे हातात पाच तास असतात.

बोटीतून उतरलात की चढ चढून शहर ओलांडा आणि वरच्या बराक्का बागेत चारच्या आधी पोचा. दुपारी बारा आणि चार वाजता तिथून तोफ उडवतात. कठड्यावरून खाली ग्रँड हार्बर दिसतं. या बेटाचा बहुतेक इतिहास या एका नैसर्गिक बंदरासाठी घडला. १५६५ मध्ये ऑटोमन आरमाराने बेटाला वेढा घातला. सेंट जॉनच्या संघाचे शिलेदार, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, आणि माल्टी लोक यांनी मे ते सप्टेंबर असा तो झुंजवला. वेढा उठल्यावर संघप्रमुख जाँ द ला व्हालेत यांनी १५६६ मध्ये समोरच्या उघड्या टेकाडावर नवं शहर वसवायला घेतलं, तेच हे व्हॅलेटा. म्हणून इथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. टेकाडाचा उतार तसाच राहिल्याने काही गल्ल्या तर नुसत्या पायऱ्यांच्याच.

बागेतूनच उंच लिफ्टने खाली धक्क्यावर उतरा आणि बोटीने पलीकडे बिर्गूला जा. वेढ्याच्या वेळी शिलेदारांचं ठाणं या गावात होतं. पर्यटक व्हॅलेटात अडकून पडतात, त्यामुळे बिर्गूच्या बोळांत संध्याकाळी गावातली माणसंच जास्त असतात. दारात खुर्च्या टाकून आज्या बसलेल्या, रंगीत लाकडी बंद सज्जे, आणि मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड मावळतीला तांबूस होत जाणारा. इथे काही 'बघायचं' म्हणून येऊ नका, नुसते हिंडा.

व्हॅलेटातल्या सेंट जॉन्सच्या सहकॅथेड्रलसाठी, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसाठी, वेगळा दिवस ठेवा. रविवारी ते पर्यटकांसाठी बंद असतं. तुमची ओढणी इथे लागते, कारण खांदे-गुडघे झाकलेले हवेत. टाचेचे बूटही चालत नाहीत. जमीन म्हणजे शिलेदारांच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा, त्या जपायच्या आहेत. आत इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेलं 'बाप्तिस्ता जॉनचा शिरच्छेद' हे भव्य चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही आहे ती जॉनच्या मानेतून ओघळलेल्या रक्तात. पाच मिनिटं पाहून पुढे सरकू नका. समोर बाक आहेत, बसा. चित्राचा अर्धा भाग नुसती रिकामी काळी भिंत आहे, आणि ती भिंत जितका वेळ पाहाल तितका त्या तुरुंगाच्या अंगणातला सन्नाटा अंगावर येतो.

दगडांचं जग, आणि एक तिकीट जे आजच काढायला हवं

हाल सफ्लीएनी हायपोजियम हे जमिनीखाली खडकात कोरलेलं, सुमारे पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थळ. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना ते हाती लागलं. आतली हवा आणि गेरूने काढलेली चित्रं टिकावीत म्हणून दिवसाला फक्त ८० माणसांना सोडतात, तेही दहा-दहाच्या गटाने. उन्हाळ्यातली तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. अभ्यासक्रमाच्या तारखा पक्क्या झाल्या की व्हिसाच्याही आधी हे तिकीट पाहा. तिथे पोचून मिळेल या भरवशावर राहू नका.

इथल्या उत्खननाशी डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांचं नाव जोडलेलं आहे. हेच झामित १९०५ मध्ये 'माल्टा ताप' बकरीच्या कच्च्या दुधातून पसरतो हे शोधून काढणारे. हा ताप, म्हणजे ब्रुसेलोसिस, आपल्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांना चांगलाच ठाऊक आहे. एकाच माणसाने बेटाची एक जुनी व्याधीही उलगडली आणि पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूसही. मंदिरं पाहण्याआधी व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. हायपोजियममध्ये सापडलेली 'निजलेली बाई' ही तळहातावर मावेल एवढी मातीची मूर्ती तिथे आहे. ती पाहिल्यावर मंदिरं नुसते दगड वाटत नाहीत.

मग हाजार ईम आणि इमनायद्रा. व्हॅलेटाहून ७४ क्रमांकाची बस जाते. उघडण्याच्या वेळेलाच पोचा. ही मंदिरं इसवी सनापूर्वी साडेतीन हजार वर्षांच्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षा हजार वर्षं जुनी. २००९ पासून त्यांवर मोठे तंबू उभारले आहेत, कारण ऊन-वारा-खार यांनी दगड झिजत होता. इमनायद्राच्या खालच्या मंदिरात विषुवदिनी उगवता सूर्य बरोबर मुख्य दारातून आत येतो. दोन्ही मंदिरांमधली वाट पाच-सात मिनिटांची आहे, पण उघड्यावरची. टोपी घाला. विद्यार्थी ओळखपत्र दाखवलं तर सरकारी वारसास्थळांवर सवलत मिळते, ते खिशात ठेवा.

समुद्रात उतरताना

कोकणात वाढलेल्यांना इथला समुद्र आधी फसवा वाटतो. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, जेमतेम वीतभर. पाणी इतकं नितळ की तळ हाताशी आल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात तिथे दोन पुरुष खोल असतं. वाळूचे किनारे थोडे. बाकी सगळीकडे खडकावरून, लोखंडी शिडीने उतरायचं. रबरी बूट त्यासाठीच. खोली माहीत नसेल तिथे वरून सूर मारू नका, बाकीचे मारत असले तरी. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचंच नाही, आणि जांभळा म्हणजे जेलीफिश. त्यांचा डंख लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने जळजळ वाढते. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

स्लीमाच्या खडकाळ काठावर संध्याकाळी सहानंतर पोहायला जाणं हा रोजचा नेम करता येतो आणि त्याला एक पैसा लागत नाही. वाळू हवी असेल तर गोल्डन बे आणि त्याच्या पलीकडचं आय्न तुफ्फिहा. कोमिनोच्या ब्लू लगूनला भर दुपारी जाण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. पाण्याचा रंग फोटोतल्यासारखाच आहे, पण पाय ठेवायला जागा नसते. जायचंच असेल तर तिथल्या ऑनलाइन नोंदणीचं आधी पाहा आणि सकाळची पहिली बोट धरा.

जेवण

पास्तित्सी हा इथला वडापाव. खुसखुशीत पापुद्र्यांची, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण असलेली, युरोच्या आसपास मिळणारी गरम करंजी. शाकाहारी मंडळींनी एक विचारून घ्यावं: काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात. बिगिल्ला ही कडधान्याची लसणीची चटणी आणि गोझोचं 'ज्बेना' चीज पावाबरोबर घ्या. 'होब्झ बिझ्झेट' या टोमॅटो चोळलेल्या पावात बहुधा टूना मासा असतो, तो काढून मागता येतो. ऑगस्टमध्ये फड्या निवडुंगाची बोंडं सोलून विकायला येतात, जरूर खा. बेटावर एकही नदी नाही. नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. ते पिण्यालायक आहे, चव मात्र सपक. भारतीयांची वस्ती आता बरीच असल्याने डाळ-तांदूळ-मसाले शोधावे लागत नाहीत.

गावची जत्रा चुकवू नका

जून ते सप्टेंबर दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाच्या संताचा उत्सव असतो, त्याला 'फेस्ता' म्हणतात. रस्त्यांवर पताका, चर्चवर दिव्यांची आरास, बँड, खांद्यावरून मिरवणारी मूर्ती आणि रात्री आतषबाजी. एकाच गावात दोन बँड मंडळं आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस. हे आपल्या गणेश मंडळांच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १५ ऑगस्टला सांता मारियाचा उत्सव मोस्ता, इम्आब्बा, गोझोची राजधानी अशा अनेक ठिकाणी एकाच दिवशी असतो. सकाळी आठला बाँब फुटल्यासारखे आवाज आले तर दचकू नका, ते उत्सवाचेच. रात्री परतीच्या बसची शेवटची वेळ आधी पाहून ठेवा. हातगाडीवर 'उब्बाइत' नावाची बदामाची चिक्की मिळते, ती घेऊन चर्चच्या पायऱ्यांवर बसा.

गोझोला एक रात्र तरी राहा

व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२ क्रमांकाच्या बसने चिरकेव्वा, तिथून मोठ्या बोटीने २५ मिनिटांत गोझोचा इमजार धक्का. जाताना कुणी पैसे मागत नाही, गोंधळू नका. भाडं परत येताना गोझोच्या बाजूला घेतात. बहुतेक जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. ती गर्दी गेली की गोझो पुन्हा गावकऱ्यांचं होतं.

पहिल्या दिवशी शारा गावातलं जगंतियाचं मंदिर आणि मग राजधानी व्हिक्टोरियाच्या मधोमध टेकडीवरची चितादेल्ला, म्हणजे तटबंदीचा किल्ला, पाहा. दुसऱ्या दिवशी पहाटे मार्साल्फॉर्नजवळच्या श्वेय्नीच्या मिठागरांवर चालत जा. पेण-वसईकडची आपली मिठागरं मातीच्या बांधांची, ही मात्र किनाऱ्याच्या चुनखडीत कोरलेली, चौकोनापुढे चौकोन. काही कुटुंबं आजही उन्हाळ्यात इथे मीठ काढतात. वाफ्यांत पाय घालू नका, ते त्यांचं वर्षाचं पीक आहे. द्वेय्राची खडकाची प्रसिद्ध कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. जुन्या छायाचित्रांवर विसंबून जाल तर ती सापडणार नाही, पण तिथला सूर्यास्त आहे तसाच आहे.

शेवटच्या आठवड्यासाठी एक चालणं

इमसीदाहून पायी जाता येईल अशा पियेता गावात युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात जखमींना उपचारासाठी माल्टात आणत. त्यांपैकी जे भारतीय सैनिक वारले आणि ज्यांचं इथे दहन झालं, त्यांचं स्मरण या दफनभूमीत जपलं आहे. त्याआधी १८७८ मध्येही रशिया-तुर्कस्तानच्या पेचात सुमारे ७,००० भारतीय सैनिक मुंबईहून जहाजांनी या बेटावर आणले गेले होते, त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. मी गेले तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. सकाळी लवकर जा, फाटक उघडं असण्याची वेळ आदल्या दिवशी पाहून घ्या, आणि जवळच्या फुलवाल्याकडून दोन फुलं घेऊन जा.